वाढलेला पंच: लॅमिनेशन डायमधला एक बिघाड आणि उणे १८५ अंशांचा उपाय

विजेच्या मोटारीचा स्टेटर, म्हणजे तिचा न फिरणारा भाग, पातळ चकत्या एकावर एक रचून तयार होतो. या चकत्यांना लॅमिनेशन म्हणतात आणि त्या सिलिकॉन स्टीलच्या पत्र्यातून डायमध्ये कापल्या जातात. वरून दाबून कापतो तो पंच, आणि ज्याच्या छिद्रात तो शिरतो तो खालचा ठोकळा म्हणजे डाय; दोन्ही मिळून होणाऱ्या अख्ख्या हत्यारालाही डायच म्हणतात. या प्रकरणातला पत्रा ०.३५ मिलिमीटर जाडीचा होता. डाय प्रोग्रेसिव्ह, म्हणजे पत्रा टप्प्याटप्प्याने पुढे सरकवत कापणाऱ्या प्रकारची. आधीच्या टप्प्यात खाचा कापणारे २४ सारखे छोटे पंच आणि शेवटच्या टप्प्यात अख्खी चकती पत्र्यातून सोडवणारा ९० मिलिमीटरचा मोठा ब्लँकिंग पंच. पंच आणि डाय दोन्ही डी२ पोलादाचे. सुमारे दीड टक्का कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असलेलं हे पोलाद पत्रा कापायच्या हत्यारांसाठी सगळीकडे वापरलं जातं.

तक्रार मोठ्या पंचाची होती. नवी डाय सुरुवातीला छान चालली. मग चकतीच्या बाहेरच्या कडेला बर, म्हणजे कापताना उरणारी बोचरी किनार, येऊ लागली. धार लावली की काही काळ ठीक, मग पुन्हा बर, आणि दर वेळी आधीपेक्षा लवकर. पुढे पंचाच्या कोपऱ्यांवरून बारीक टवके उडायला लागले. लॅमिनेशनमध्ये बर खपवून घेता येत नाही. ती शेजारच्या चकतीवरचा इन्सुलेशनचा थर फोडते, दोन चकत्या विजेने जोडल्या जातात आणि गाभा तापतो.

नेहमीचे संशयित आधी तपासून झाले होते. प्रेसचा रॅम (वर-खाली होणारा भाग) सरळ येत होता, गाइड पिलर घट्ट होते, पत्रा ठरलेल्या ग्रेडचाच होता. धार लावताना पंच जळला आहे का, तेही ॲसिडने एचिंग करून पाहिलं. जळल्याचे काळसर पट्टे कुठेच नव्हते. हार्डनेस ६१ एचआरसी (रॉकवेल सी मापावर) भरला. ड्रॉइंगवर ६० ते ६२ लिहिलं होतं, म्हणजे त्या बाजूनेही बोट ठेवायला जागा नव्हती. टूलरूमचा, म्हणजे कारखान्यातल्या हत्यारं बनवणाऱ्या विभागाचा, कल आता पोलादच बदलण्याकडे होता. त्याच सुमाराला कुणीतरी सुचवलं की पंच द्रव नायट्रोजनमध्ये थंड करून आणा, आयुष्य कित्येक पटींनी वाढतं. आम्हाला विचारणा झाली ती एवढ्यापुरतीच: हा पंच थंड करायचा का?

आम्ही उत्तर देण्याआधी पंच मोजायला मागितला.

दहा मायक्रॉनचा प्रश्न

इतक्या पातळ पत्र्यासाठी पंच आणि डाय यांच्यातली फट, म्हणजे क्लिअरन्स, फार थोडी ठेवतात. जाडीच्या पाच टक्क्यांचा हिशेब धरला तर प्रत्येक बाजूला साडेसतरा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस याच्या तीन-चार पट जाड असतो. ही फट सगळीकडून सारखी राहिली तर पत्रा स्वच्छ कापला जातो. ती कमी झाली की पंचाच्या धारेवर दाब वाढतो, पत्रा फाटण्याची रेषा बिघडते आणि धार लवकर बोथट होते.

पंच बनवताना मोजलेला आकार तपासणीच्या कागदावर होता. आता मोजला तेव्हा तो साधारण दहा मायक्रॉनने मोठा भरला. टूलरूमच्या प्रमुखांनी आकडा पाहताच मान हलवली. "पोलाद झिजतं, वाढत नाही," ते म्हणाले, आणि मोजणाऱ्याला पंच परत मोजायला लावला.

त्यांची शंका रास्त होती. ९० मिलिमीटरचा पोलादी तुकडा एका अंशाने तापला की सुमारे एक मायक्रॉन वाढतो. प्रेसवरून नुकताच काढलेला पंच खोलीपेक्षा दहा अंशांनी गरम असेल, तर तेवढ्यानेच हे दहा मायक्रॉन दिसतील. म्हणून पंच आणि स्लिप गेज, म्हणजे अचूक मापाचे प्रमाण ठोकळे, एकाच ग्रॅनाइट प्लेटवर, २० अंशांच्या मोजणी-खोलीत, रात्रभर शेजारी शेजारी ठेवले. सकाळी हातमोजे घालून दोन्ही दिशांना, धारेजवळ आणि धारेपासून लांब, अशी मोजणी केली. धारेपासून लांब वाढ थोडी कमी होती, धारेजवळ जास्त. पण वाढ होती.

मग डायचं छिद्र मोजलं. ते जवळजवळ मूळ मापावरच होतं. या एका निरीक्षणाने प्रकरणाची दिशा ठरली. पोलाद तेच, प्रेस तोच, फटके तेवढेच. पंच वाढला आणि डाय जागेवर राहिली. दोन्ही सारखेच वाढले असते तर फट टिकली असती, कारण तुकडा सगळीकडून वाढतो तेव्हा त्यातलं छिद्रही मोठं होतं. इथे एकटा पंच वाढला होता आणि प्रत्येक बाजूची पाच मायक्रॉन, म्हणजे मूळ क्लिअरन्सच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास, फट खाऊन बसला होता.

फरक हार्डनिंगच्या नोंदींत सापडला. डाय ब्लॉक आधी कडक करून मग वायरकटने, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या तारेने, कापायचा होता. अंतर्गत ताण राहिलेला कडक ब्लॉक वायरकटवर चढवला की कापता कापता तो उघडतो किंवा सरळ तडकतो, हे टूलरूमला चांगलं ठाऊक होतं, म्हणून डायचं टेंपरिंग, म्हणजे कडक केल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं, ५२० अंशांना दोनदा झालं होतं. पंचाचा बाह्याकार मात्र ग्राइंडिंगने आणायचा होता. तिथे वायरकटची भीती नव्हती आणि ड्रॉइंगवरचा ६२ पर्यंतचा हार्डनेस गाठायचा होता. म्हणून भट्टीवाल्याने हार्डनिंगचं तापमान थोडं वर, १०४० अंशांपर्यंत नेलं आणि टेंपरिंग २०० अंशांना एकदाच केलं. हार्डनेस मिळाला. सोबत जे आलं ते हार्डनेसच्या आकड्यात दिसत नाही.

पोलादात शिल्लक राहिलेलं

पोलादाला पाणी देताना नेमकं काय होतं, ते इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण थंडीचा सगळा खेळ त्यावरच उभा आहे. हजार अंशांच्या वर पोलादाची स्फटिकरचना ऑस्टेनाइट नावाची असते. ती कार्बन भरपूर सामावून घेते. झपाट्याने थंड केलं की ठराविक तापमानाखाली तिचं मार्टेन्साइटमध्ये रूपांतर सुरू होतं, आणि पोलादाचा कडकपणा येतो तो या मार्टेन्साइटमुळे. हे रूपांतर वेळेवर फारसं अवलंबून नसतं. तापमान जितकं खाली जाईल तितकं ते पुढे सरकतं. जिथे ते संपायला हवं ते तापमान साध्या, कमी कार्बनच्या पोलादात खोलीच्या तापमानाच्या बरंच वर असतं. डी२ मध्ये ते शून्याच्या बरंच खाली असतं. कारण असं की हार्डनिंगच्या वेळी जितका कार्बन आणि जितकं क्रोमियम ऑस्टेनाइटमध्ये विरघळतं, तितकं त्याचं रूपांतर खालच्या तापमानाला ढकललं जातं. भट्टी दहा-वीस अंश जास्त तापवली की आणखी कार्बाइड (कार्बन आणि धातू यांचे कडक कण) विरघळतात आणि हे तापमान आणखी खाली जातं.

म्हणजे डी२ चा तुकडा भट्टीतून निघून हाताला कोमट लागेपर्यंत निवतो तेव्हा त्याचं हार्डनिंग पूर्ण झालेलं नसतं. ऑस्टेनाइटचा एक हिस्सा तसाच अडकून राहतो. डी२ मध्ये हा हिस्सा सहज दहा ते वीस टक्के असतो. हार्डनिंगचं तापमान फार चढवलं तर त्याहून जास्त. २०० अंशांच्या टेंपरिंगने तो हलत नाही. ५०० अंशांच्या वर मात्र त्यातून बारीक कार्बाइड बाहेर पडतात, त्याचा कार्बन कमी होतो आणि परत निवताना त्याचं मार्टेन्साइट होतं. दुसरं टेंपरिंग लागतं ते या नव्या मार्टेन्साइटसाठी. डाय का वाढली नाही याचं उत्तर हे.

ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होताना पोलाद फुगतं. घनफळात साधारण चार टक्के, म्हणजे लांबीत सुमारे १.४ टक्के. हा आकडा टूलरूममधल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. १०० मिलिमीटरच्या तुकड्यात फक्त एक टक्का ऑस्टेनाइट बदलला तरी लांबी १४ मायक्रॉनने वाढते. आमच्या ९० मिलिमीटरच्या पंचात एक टक्क्याहूनही कमी बदल झाला असेल तरी दहा मायक्रॉनचा हिशेब लागतो.

हा बदल घडवला कुणी? प्रेसच्या फटक्यांनी. शिल्लक ऑस्टेनाइट अस्थिर असतो. ताण बसला की तो मार्टेन्साइटकडे झुकतो. ताण धारेवर सगळ्यात जास्त, म्हणून वाढही धारेजवळ जास्त. टवक्यांचं कारणही इथेच होतं. फटक्याने तयार झालेला हा मार्टेन्साइट कच्चा असतो, त्याला टेंपरिंगची ऊब कधीच मिळालेली नसते. तो काचेसारखा ठिसूळ. अशी कच्ची धार आक्रसलेल्या फटीत पत्रा कापायला लावली, तर कोपरा उडणारच.

खात्रीसाठी रद्द झालेल्या जुन्या पंचाचा तुकडा कापून एक्स-रे डिफ्रॅक्शनला, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखणाऱ्या चाचणीला, दिला. या चाचणीत एक काळजी घ्यावी लागते. नमुना नुसता पॉलिश पेपरने घासला तर घासण्याच्या ताणानेच पृष्ठभागावरचा ऑस्टेनाइट बदलून जातो आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणून शेवटचा थर इलेक्ट्रोपॉलिशने काढायचा. शिवाय डी२ मधल्या क्रोमियम कार्बाइडच्या रेषा ऑस्टेनाइटच्या रेषांत मिसळतात, त्या वेगळ्या काढाव्या लागतात. आकडा पंधरा टक्क्यांच्या आसपास आला. साध्या सूक्ष्मदर्शकात हे नीट दिसत नाही. प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली असेल तर डोळ्यांवर मुळीच विसंबू नये.

त्याच तुकड्यात दुसरी गोष्ट दिसली. मोठमोठे कार्बाइड ओळीने, पट्ट्यांसारखे पसरले होते. हे मूळ सळईतूनच आलेलं. त्याचा उल्लेख पुढे येईल.

तयार पंच थंड का केला नाही

मूळ विचारणेचं उत्तर आता देता येत होतं. तयार, मापात आणलेला पंच थंड केला तर काय होईल? पंधरापैकी समजा दहा टक्के ऑस्टेनाइट बदलला, तर ९० मिलिमीटरवर सव्वाशे मायक्रॉनच्या घरात वाढ. क्लिअरन्स प्रत्येक बाजूला साडेसतरा. पंच डायमध्ये जाणारच नाही. प्रत्यक्षात जुन्या पंचात इतका बदल होणार नाही, कारण टेंपरिंग होऊन गेलेला आणि बराच काळ खोलीच्या तापमानाला पडून राहिलेला ऑस्टेनाइट हट्टी होतो, थंडीला सहज दाद देत नाही. पण चौथा हिस्सा बदलला तरी पंच पुन्हा ग्राइंड करावा लागेल. आणि नव्याने तयार झालेल्या मार्टेन्साइटला परत टेंपरिंग लागेल ते वेगळंच. म्हणून तो पंच आम्ही थंड केला नाही.

तयार हत्यारं नायट्रोजनमध्ये टाकून आणायची पद्धत बऱ्यापैकी रुळली आहे. त्यामागची समजूत अशी की थंडी ही वरून द्यायची मात्रा आहे. मला ही समजूत घातक वाटते. खोल थंडी हा हार्डनिंगचाच उरलेला भाग आहे. भट्टीतून निघालेला तुकडा खोलीच्या तापमानापर्यंत येतो तिथून पुढचा प्रवास थंड पेटीत होतो, आणि तो खंड न पडता व्हायला हवा. ५२० अंशांना नीट दोन-तीनदा टेंपर केलेल्या हत्यारात बदलण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं. तिथे थंडीकडून मोठी अपेक्षा ठेवणं चूक. ज्यात शिल्लक ऑस्टेनाइट नसतोच अशा साध्या पोलादातही तेच. लुइझियाना टेक विद्यापीठातल्या रँडल बॅरन यांनी १९८२ मध्ये बऱ्याच धातूंवरच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यात हत्यारी पोलादांची झीज कमी झाली, आणि उणे ८४ पेक्षा उणे १९६ अंशांना ती अधिक कमी झाली. साध्या कार्बन पोलादाला आणि बिडाला मात्र फायदा झाला नाही.

तीन वाटा, एकच डाय

नवा मोठा पंच करायचाच होता. त्याच्या वाढीवर इलाज म्हणून तीन वाटा होत्या. पहिली, डायसारखंच ५२० अंशांना टेंपरिंग. भट्टीशिवाय काही लागत नाही, माप स्थिर राहतं, पण हार्डनेस ५९ च्या आसपास थांबतो. दुसरी, क्वेंच (भट्टीतून काढून झपाट्याने निववणं) झाल्याबरोबर उणे ८० अंशांपर्यंत थंड करून मग २०० अंशांना टेंपरिंग. कोरडा बर्फ उणे ७८.५ अंशांचा असतो, त्यामुळे ही वाट फार जुनी आहे. गेज बनवणारे ती कित्येक दशकं वापरत आले आहेत. स्लिप गेजच्या आंतरराष्ट्रीय मानकात उच्च दर्जाच्या १०० मिलिमीटरच्या गेजला वर्षाला मायक्रॉनच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी बदल माफ आहे. शिल्लक ऑस्टेनाइट सांभाळत बसलं तर हे जमणं शक्यच नाही. तिसरी वाट, उणे १८५ पर्यंत खाली नेऊन तिथे दीर्घकाळ ठेवणं आणि मग २०० अंशांना टेंपरिंग.

वाढ थांबवायची एवढंच उद्दिष्ट असतं तर मी पहिली वाट सुचवून थांबलो असतो. पण सिलिकॉन स्टील आणि त्याच्यावरचा इन्सुलेशनचा थर हत्याराला खरवडतो, त्यामुळे कारखान्याला धारेचं आयुष्यही हवं होतं. तिथे दुसरी आणि तिसरी वाट यांत फरक पडतो का, हा खरा प्रश्न होता.

फरक का पडावा, यावर अजून एकमत नाही. ऑस्टेनाइटचं रूपांतर थंड होता होताच होतं. मग उणे १८५ ला एक दिवस-रात्र आणि वर आणखी काही तास ठेवून मिळतं काय? जपानमध्ये मेंग आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अशाच १२ टक्के क्रोमियमच्या पोलादात खोल थंडीनंतर ईटा कार्बाइडचे अत्यंत बारीक कण दाखवले आणि झीज कमी होण्याचं श्रेय ऑस्टेनाइट संपण्यापेक्षा या कणांना दिलं. कल्पना अशी की खोल थंडीत मार्टेन्साइटची जाळी आक्रसते, आत ताण वाढतो, कार्बनचे अणू अगदी थोडं सरकून जागोजागी गोळा होतात आणि पुढच्या टेंपरिंगमध्ये त्या जागी मोठ्या संख्येने बारीक कार्बाइड उगवतात. पश्चिम बंगालमधल्या दास, दत्ता आणि रे या संशोधकांनी डी२ वर वेगवेगळे वेळ ठेवून पाहिले; त्यांना ३६ तासांना झीज सगळ्यात कमी दिसली, त्यापुढे ठेवून फायदा नव्हता. इतक्या थंडीत अणू सरकतात तरी कसे, हा आक्षेप रास्त आहे आणि तो पूर्ण मिटलेला नाही. पण ३६ तासांचा आकडा आमच्याच पोलादावरचा होता, म्हणून आम्ही तोच घेतला.

तुलना करायची संधी डायनेच दिली होती. खाचांचे २४ पंच हुबेहूब सारखे. एकाच सळईतून कापलेले, एकाच भट्टीत एकाच वेळी १०२० अंशांवरून क्वेंच केलेले. त्यांचे आठ-आठचे तीन गट केले आणि प्रत्येक गटाला एकेक वाट दिली. डायमध्ये बसवताना ते आळीपाळीने बसवले: पहिला, दुसरा, तिसरा, परत पहिला. प्रेस एका बाजूला जराशी दबत असेल, पत्र्याची एक कड जाड असेल, तर त्याचा भार तिन्ही गटांवर सारखा पडावा. असा योग क्वचित येतो. एरवी हत्यारांच्या आयुष्याची तुलना म्हणजे गेल्या महिन्यातली कॉइल (पत्र्याची गुंडाळी) विरुद्ध या महिन्यातली कॉइल, आणि नुसती कॉइल बदलल्याने जो फरक पडतो तोच थंडीच्या खात्यावर जमा होतो.

थंड पेटीत

तिसऱ्या गटाची प्रक्रिया जवळून सांगतो, कारण चुका इथेच होतात.

पंच व्हॅक्युम भट्टीतून हाताला कोमट लागेपर्यंत निवले आणि लगेच थंड पेटीत गेले. रात्रभर टेबलावर पडू दिले नाहीत. आधी सांगितलं ते इथे लागू होतं. ऑस्टेनाइट जितका वेळ पडून राहील तितका हट्टी होईल. आकार साधा होता, तीक्ष्ण आतले कोपरे नव्हते, म्हणून थेट थंड करणं परवडलं. मोठ्या ब्लँकिंग पंचात बोल्टची आटे पाडलेली छिद्रं आणि जाड-पातळ भाग होते. ताजा क्वेंच झालेला असा तुकडा थेट उणे १८५ ला नेला तर छिद्राच्या कडेपासून तडा जाऊ शकतो. त्याला आधी १५० अंशांना थोडा वेळ ठेवलं. यात थोडं रूपांतर गमवावं लागतं. तडकलेल्या पंचापेक्षा ते परवडलं.

पेटीत द्रव नायट्रोजन तुकड्यांवर ओतत नाहीत. तो उणे १९६ अंशांना उकळतो. त्यात बुडवलेल्या पोलादाभोवती आधी वाफेचं आवरण बनतं, ते जागोजागी तुटतं आणि तुकडा वाकडातिकडा थंड होतो. पेटीत नुसती वाफ सोडतात, पंखा ती फिरवतो, आणि तुकड्याला लावलेला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) पाहून कंट्रोलर झडप उघडतो-मिटतो. आम्ही मिनिटाला एक अंश असा वेग ठेवला. खाली पोचायला साडेतीन तास लागतात. मग ३६ तास तिथेच, आणि वर येतानाही तोच सावकाश वेग. पेटी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत दार उघडायचं नाही, नाहीतर हवेतली ओल पंचांवर गोठते आणि तासाभरात गंज धरतो.

खोलीत ऑक्सिजन मीटर लागतोच. एक लिटर द्रव नायट्रोजनची वाफ होऊन सातशे लिटरच्या आसपास वायू होतो. तो हवेतला ऑक्सिजन बाजूला सारतो आणि त्याला वास नसतो. २१ टक्क्यांवरचा ऑक्सिजन १९.५ च्या खाली गेला की बाहेर पडायचं. याबाबत ढिलाई झाली की माणसं जागेवर कोसळतात. वाचवायला धावलेला दुसराही कोसळतो.

पेटीतून निघाल्यावर हार्डनेस क्वेंचनंतरच्या आकड्यापेक्षा एक-दोन अंकांनी चढलेला होता. त्याच दिवशी २०० अंशांना टेंपरिंग, निवल्यावर पुन्हा एकदा. टेंपरिंगनंतर तो परत खाली उतरला आणि दुसऱ्या-तिसऱ्या गटांत हार्डनेसचा फरक नाममात्रच राहिला. नुसत्या हार्डनेस टेस्टरवर हे दोन गट ओळखता आले नसते. ग्राइंडिंगला माल आधीच जास्त ठेवला होता, कारण पेटीतली वाढ मायक्रॉनांत मोजायची नसते, ती शंभर मिलिमीटरला दशांश मिलिमीटरच्या घरात जाते.

जे दिसलं

मोठा पंच तिसऱ्या वाटेने केला. तो डायमध्ये बसवल्यापासून प्रत्येक रीग्राइंडच्या, म्हणजे पुन्हा धार लावण्याच्या, वेळी त्याच ग्रॅनाइट प्लेटवर, त्याच रीतीने मोजला गेला. मोजणीच्या अनिश्चिततेपलीकडे वाढ दिसलेली नाही. बाहेरच्या कडेची बर आता धार खरोखर झिजल्यावरच येते. हे श्रेय खोल थंडीचं एकटीचं म्हणता येणार नाही. उणे ८० ने किंवा ५२० च्या टेंपरिंगनेही माप बहुधा स्थिर राहिलं असतं.

खाचांच्या पंचांमध्ये चित्र जास्त बोलकं होतं. रीग्राइंडला काढल्यावर प्रत्येक पंचाची धार सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि कड किती गोल झाली ते मोजलं. ५२० अंशांच्या गटाची धार सगळ्यात जास्त बोथट झाली होती. उणे ८० चा गट त्याहून बरा. उणे १८५ चा गट सगळ्यात चांगला, आणि त्याची झीज आठही पंचांत बरीच सारखी. गटांच्या टोकांचे पंच एकमेकांत थोडे मिसळतात, म्हणून 'इतक्या पटींनी आयुष्य वाढलं' असा आकडा मी देणार नाही. आठ पंच आणि एक डाय एवढ्यावर तसा आकडा उभा राहत नाही. क्रम मात्र पुढच्या रीग्राइंडलाही तोच राहिला.

तिसऱ्या गटातल्याच एका पंचाचा कोपरा उडाला. तो कापून पाहिला तर तडा थेट मोठ्या कार्बाइडच्या पट्ट्यातून गेला होता. हे कार्बाइड पोलाद ओतताना, वितळलेला धातू गोठत असतानाच तयार होतात. हजार अंशांच्या भट्टीला ते पुरते विरघळवता येत नाहीत, तर थंडीची त्यांच्यावर काय मात्रा चालणार? ज्या टूलरूमला थंडीने टवके थांबतील अशी आशा आहे त्यांनी आधी आपल्या सळईचा आडवा-उभा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. टवक्याचं कारण कच्चा मार्टेन्साइट असेल तर थंडी आणि नीट टेंपरिंग उपयोगी पडेल. कारण कार्बाइडची पट्टी असेल तर नाही.

मोठ्या पंचाच्या ड्रॉइंगवरची '६०-६२ एचआरसी' ही एकटी ओळ आता बदलली आहे. तिथे हार्डनिंगचं तापमान, क्वेंच ते थंड पेटी यांच्यातला जास्तीत जास्त अवधी, १५० अंशांचा थांबा, थंडीचा वेग आणि वेळ, दोन टेंपरिंग आणि ग्राइंडिंगपूर्वी ठेवायचा माल, हे सगळं लिहिलेलं असतं. प्रत्येक हार्डनिंग चार्जसोबत (भट्टीत एका वेळी जाणाऱ्या मालासोबत) त्याच सळईचा एक छोटा तुकडा जातो, म्हणजे शिल्लक ऑस्टेनाइट मोजायला तयार पंच कापावा लागत नाही. कोपऱ्यांसाठी पुढचा संच पावडर मेटलर्जीच्या, म्हणजे धातूच्या भुकटीपासून बनवलेल्या, पोलादाचा करायचं ठरलं आहे, कारण त्यात कार्बाइड बारीक आणि सारखे विखुरलेले असतात. शिल्लक ऑस्टेनाइट त्यातही राहतो. म्हणून त्याची हार्डनिंगची तापमानं वेगळी येतील, पण थंड पेटीची जागा क्वेंच आणि पहिल्या टेंपरिंगच्या मधेच राहील.